पुण्यानुमोदनाला आलेले दातवाले

आपला मुलगा गेला, हे लोकांना पटवून द्यायची वेळ कुठल्या बापावर येऊ नये. कोराडीच्या प्रेमानंद मेश्रामवर ती आली.

अंकुश त्याचा एकुलता एक. जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार. महिन्या-दीड महिन्याला रक्त चढवायचं, थंडीत हाडं ठणकायला लागली की खोलीचं दार लावून पडायचं. त्या खोलीत तो एक व्हिडिओ गेम खेळे. तलवार घेऊन रक्तपिपासू पिशाच्चांशी लढायचं, असे त्याचे चार भाग निघाले होते. इंग्रजी नाव लांबलचक, म्हणून इकडची पोरं त्याला नुसतं 'दातवाला' म्हणत. अंकुश खेळता खेळता बडबड करी, तिचे व्हिडिओ टाकी, आणि अकरा हजार लोक ते बघत. प्रेमानंदला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर हयात गेलेला माणूस तो.

"अंगात रक्त नाही अन् खेळ पाहा कसा निवडला!" तो करवादायचा.

"मीबी दुसऱ्याच्याच रक्तावर जगून राहिलो ना बाबा," अंकुश म्हणे.

मग एकदा छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत खेळ खलास. वय सव्वीस. घरी आलेल्या बायकांत प्रेमानंदची मोठी बहीण रुखमाबाई बोलून गेली, "बिचाऱ्याले एक दोस्त नव्हता वं." रुखमाबाईच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक, पण हे वाक्य प्रेमानंदच्या काळजात रुतून बसलं. खांदा द्यायला खरंच अंकुशच्या वयाचा एकही नव्हता. त्याने मनाशी धरलं, पुण्यानुमोदनाला, म्हणजे विहारातल्या आदरांजलीला, अंकुशचे दोस्त आले पाहिजेत. कोणी का असेना, पण त्याच्यासाठी आलेलं.

बायकोने, सरिताने, अंकुशचा मोबाईल उघडून दिला. अंकुश व्हिडिओ टाकी त्याच जागी प्रेमानंदने एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'कालकथित अंकुश प्रेमानंद मेश्राम यांचा पुण्यानुमोदन कार्यक्रम रविवारी सकाळी अकरा वाजता, कोराडी कॉलनीच्या बुद्धविहारात. सर्व मित्रांनी यावे.' सोबत हार घातलेला फोटो.

तासाभरात चारशे हसरे चेहरे उमटले. 'भाऊ, एक नंबर!' 'कबरीतून किती वाजता उठून राहिला?' 'पाचव्या भागासाठी एवढी ॲक्टिंग?' प्रेमानंदला आधी वाटलं, आपलंच बटण चुकलं. मग त्याने लिहिलं, 'हे खरे आहे. मी त्याचा बाप.' त्यावर कोणीतरी टाकलं, 'बापाचा रोलबी भाऊच करून राहिला!' आणि पुन्हा हशा.

"माणसं आहेत का जनावरं?" प्रेमानंद ओरडला. सरिताने मोबाईल उशीखाली ठेवून दिला.

रविवारी विहार पांढऱ्या कपड्यांनी भरला, पण सगळे कॉलनीतले नाही तर नात्यातले. भन्तेजींनी त्रिसरण सुरू केलं. प्रेमानंदचा डोळा दाराकडेच होता. तेवढ्यात बाहेर गलका झाला आणि "ऊठ सरदार, ऊठ!" असं ओरडत सात जण दारात आले. अंगावर काळे झगे, तोंडात प्लास्टिकचे सुळे, ओठांवरून हनुवटीवर ओघळलेला लाल रंग.

आतल्या शंभर माणसांनी मागे वळून पाहिलं. त्या सातांनी समोरचा फोटो पाहिला, मेणबत्त्या पाहिल्या.

प्रेमानंद मुठी आवळून उठला. आज हात उचलायचाच, असं त्याने ठरवलं. पुढे उभी असलेली मुलगी सुळे काढून झग्याने तोंड पुसत होती, आणि रंग पुसला जायच्या ऐवजी गालभर पसरत होता.

"काका, खरंच?" तिने विचारलं.

"खरंच वं पोरी," तो म्हणाला, आणि मूठ आपोआप सुटली. ती मुलगी, वेदिका, तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडायला लागली.

तिच्यासोबतच्या स्वानंदने सांगितलं ते असं. मागच्या साली चौथ्या भागात खेळातला पिशाच्चांचा सरदार मेला. चाहते इतके भडकले, की अंकुशनेच गमतीने सरदाराची शोकपत्रिका काढली, हार घातलेला फोटो टाकून शोकसभा घेतली. हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. या रविवारी पाचवा भाग यायचा होता, त्यात सरदार पुन्हा उठणार होता. "आम्हाले वाटलं, भाऊनं पार्टी ठेवली. उमरेडवरून एसटीनं असेच आलो काका. बसमधले लोक हसून राहिले होते. अन् तुमच्या त्या निरोपावर हसणाऱ्यायत पहिला मीच होतो."

ते झग्यांतच मागे बसले. आदरांजलीची वेळ आली तेव्हा धर्मेंद्र नावाचा त्यांच्यातला एक आडदांड गडी उभा राहिला. "माही आई गेली तवा भाऊ महिनाभर रोज फोन करे. जेवला का गा, इतकंच विचारे. आपण आजारी आहो, हे एकदाबी नाही सांगितलं त्यानं." रुखमाबाईने पदर डोळ्यांना लावला. प्रेमानंदला अभिमान वाटला, आणि लाजही वाटली. भिंतीपलीकडून अंकुशची ती बडबड कानावर आली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा.

जेवणं झाली. स्वानंद मोबाईल घेऊन जवळ आला. "काका, अजून लोक हसून राहिले. मी लिहितो खरं काय ते. माह्यावर विश्वास ठेवतील."

प्रेमानंदने मोबाईल हातात घेतला. आत्ताच कोणीतरी लिहिलं होतं, 'भाऊ, लवकर ऊठ. वाट पाहून राहिलो.' त्याने ते दोनदा वाचलं.

"आज नको लिहू गा. उद्या लिही."

"काहून काका?"

"इतक्या लोकायच्या घरी तो आजच्या दिवस जित्ता आहे," प्रेमानंद म्हणाला, आणि अंकुश गेल्यापासून पहिल्यांदा, त्या लाल तोंडाच्या पोरांसमोर, हमसून हमसून रडला.