रिकाम्या रकान्यांतली माणसे

वार्षिक परीक्षांच्या अखेरच्या दिवशी, सकाळी, संख्याशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत पदव्युत्तर प्रबंधाची तोंडी परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी एकच होता. वर्गात वयाने सर्वांत मोठा म्हणून सहाध्यायी त्याला ‘काका’ म्हणत. विमा कंपनीतली नोकरी सोडून तो या पदवीच्या मागे लागला होता, आणि नियमाप्रमाणे ही त्याची शेवटची संधी होती. बाहेर बाकावर थोरली बहीण बसली होती. तो आत शिरताना ती म्हणाली, "घाबरू नकोस रे. घरी माझ्याशी वाद घालतोस तसाच घाल, म्हणजे तेच हात टेकतील."

विषय होता रक्तदाबावरचे एक नवे औषध. रुग्णालयाकडून मिळालेल्या माहितीत ज्यांची शेवटची नोंद नव्हती, त्यांना त्याने विश्लेषणातून सरसकट वगळले होते. उरलेल्यांचा रक्तदाब असा काही आज्ञाधारकपणे उतरला होता, की आलेख पाहून मार्गदर्शक बाई हरखून गेल्या होत्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "जे मधेच यायचे थांबले, ते कुठे गेले?"

"त्यांची माहिती उपलब्ध नव्हती, असं म्हणायचंय त्यांना," बाईंनी घाईघाईने बाजू सावरली.

एवढ्यावर मान डोलावली असती, तर पदवी पदरात पडली असती. ओठांवर आलेले आवंढ्याबरोबर गिळणे त्याला वर्षभर जमले होते, आज जमेना.

"होती, सर. मी त्यांच्या घरी फोन केले होते. बहुतेकांना औषधाने भोवळ यायची, म्हणून त्यांनी ते सोडलं. एक बाई जिन्यावरून पडून वारल्या. त्यांच्या मुलानेच फोन उचलला."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर औषधाचा गुण उरत नव्हता. आणि सगळं पुन्हा मांडायला माझ्याकडे वेळ उरत नव्हता."

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवले. खाली कोणीतरी स्कूटरला लाथांवर लाथा मारीत होते आणि ती काही दाद देत नव्हती.

"गणितात चूक नाही ना कुठे?" बाईंनी तिकडेच पाहत विचारले.

"एकही नाही." परीक्षकांनी प्रबंध मिटला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर काकाला वाद तरी घालता आला असता.

"तुम्ही नापास आहात."