माझा तिसरा दिवा

मित्रांनो, मी एक जुना फॅन कंट्रोलर आहे. नाव इंग्रजी असलं तरी माझं काम साधं आहे. कॉम्प्युटरच्या पोटात चार पंखे असतात, ते त्याला थंड ठेवतात. त्या पंख्यांची राखण मी करतो. माझ्या तोंडावर चार गोल बटणं आहेत आणि प्रत्येक बटणावर एक दिवा. पंखा फिरतोय तोवर दिवा हिरवा, पंखा थांबला की लाल. बोलता मला येत नाही. जे काही सांगायचं ते मी या दोन रंगांत सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. माझ्या ओळखीचा पहिला हात नांदेडच्या देविदासचा. तो कॉम्प्युटर जोडून देतो. त्यानं मला एका गेम खेळायच्या दुकानातल्या मशीनमध्ये बसवलं. तिथली पोरं माझी बटणं पिळायची आणि म्हणायची, "अबे, लई भारी दिसून राहिलंय!" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि ते दुकान बंद पडलं. देविदासनं ते मशीन माझ्यासकट चाकूरच्या वैजनाथला दिलं.

वैजनाथचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, भरतीचे फॉर्म, सगळं तिथं निघतं. मशीनवर आरतीताई बसते. ती रोज शिरूर अनंतपाळहून एसटीनं येते. आठ वर्षांत तिनं किती जणांचे फॉर्म भरले याची मोजदाद नाही. त्यातले दोघं तलाठी झाले, पेढे देऊन गेले. कुणी विचारलं, "ताई, तुमचा फॉर्म कधी?" तर ती हसून म्हणायची, "भरू की. काय घाई हाय?"

वैजनाथची आई, सगुणाबाई, रोज सकाळी दुकान झाडते. मग देवाच्या फोटोला उदबत्ती ओवाळते आणि तीच उदबत्ती मशीनच्या चहूबाजूंनी फिरवते. पोट भरतं त्याला हात जोडायचे, एवढाच तिचा हिशेब.

दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर आहे. तुरीचा भुसा उडतो तो सगळा आत येतो. माझा तिसरा पंखा त्या भुशानं अडायला लागला. थांबायचा, परत फिरायचा. तो थांबला की मी लाल दिवा लावायचो. माझं कामच ते. पण गिऱ्हाईक बिचकायचं. "भाऊ, ते लाल काहून लागलंय? माझा फॉर्म बाद तर व्हनार न्हाई ना?" आणि दोघं-तिघं उठून शेजारच्या केंद्रात गेले.

वैजनाथनं देविदासला बोलावलं. देविदासनं मशीन उघडून पाहिलं आणि सांगितलं, "भुसा बसलाय, भाऊ. पंखा साफ करू, न्हाईतर बदलू."

"पंखा फिरतोय की! पंख्याचं नंतर बघू," वैजनाथ म्हणाला. "आधी ह्या लाल दिव्यानं बेजार केलंय ते बघ. सगळे हिरवेच टाक."

"लाल काढला तर कळंल कसं?"

"मला समदं कळतंय. तू टाक."

देविदासनं डोकं खाजवलं आणि दिवे बदलले. लालची तार आणि हिरव्याची तार, दोन्ही त्यानं एकाच हिरव्या दिव्याला जोडल्या. आता पंखा फिरो की थांबो, मी हिरवाच. सगुणाबाई तेवढं म्हणाली, "दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला!" लेकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गिऱ्हाईक मात्र खूश झालं. माझी इतकी तारीफ नांदेडातही झाली नव्हती.

मे महिना लागला आणि तिसरा पंखा कायमचा थांबला. मी हिरवा दिवा लावला. दुसरं माझ्या हातात काय होतं? कूलरच्या घरघरीत पंख्याचा आवाज गेला तेही कुणाला उमगलं नाही. तो पंखा थेट मशीनच्या मेंदूवर वारा घालायचा. आता मेंदू तापायचा आणि अर्ध्या तासात मशीन आपोआप बंद पडायचं. वैजनाथ म्हणाला, लाईन कमीजास्त होऊन राहिली. मग त्यानं वायर बदलली. मग देविदासला फोन लावला.

"पंखे चालू हायत का?" देविदासनं विचारलं.

"चारीच्या चारी हिरवे."

"मग पंख्याचं न्हाई. व्हायरस असंल."

स्वतःच्याच हातचं काम तो विसरला होता. शंभर ठिकाणी हात घालणाऱ्या माणसाचं असं होतं.

त्याच आठवड्यात तलाठी भरतीची शेवटची तारीख आली, संध्याकाळी सहापर्यंत. वयाच्या अटीत बसायचं आरतीताईचं हे शेवटचं साल होतं. या खेपेला तिनं सगळे कागद स्कॅन करून याच मशीनमध्ये ठेवले होते. पण बाहेर रांग होती. ती म्हणाली, आधी लोकांचं होऊ द्या. मशीन तीनदा बंद पडलं, तीनदा सुरू केलं. रांग संपली तेव्हा साडेचार झाले होते.

तिनं स्वतःचं नाव टाकलं, पत्ता टाकला, आणि मशीन बंद पडलं. सगळं परत पहिल्यापासून. परत बंद. शेजारच्या केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. पाचच्या सुमाराला लाईनही गेली. दुष्काळात तेरावा महिना! मशीन इन्व्हर्टरवर होतं, कूलर नव्हता. दुकानात एकदम शांत झालं. वैजनाथ माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "आता ह्याला काय झालंय? समदं हिरवं तर हाय!"

आरतीताईनं मशीन सुरू करून परत पहिल्यापासून नाव टाकायला घेतलं.

सगुणाबाईला आठवलं, सकाळी गर्दीत उदबत्ती राहून गेली होती. तिनं ती आता लावली आणि मशीनभोवती फिरवली. वारा अजिबात नव्हता. पहिल्या पंख्यापुढं धूर वाकून आत गेला. दुसऱ्यापुढंही गेला. तिसऱ्यापुढं सरळ छताकडं चालला.

"वैजनाथ, हितं धूर आत जाईना की रे."

"माय, उदबत्ती राहू दे आता."

"आरं, बघ तरी!"

त्यानं पाहिलं. मग जाळीला हात लावला आणि झटकन काढून घेतला. बाजूचा पत्रा उघडला तर पंखा भुशात रुतून बसलेला. वैजनाथचं तोंड उतरलं. माझे दिवे कुणी बदलायला लावले ते त्याला आठवत होतं.

साडेपाच वाजले होते. भुसा काढला तरी पंखा फिरेना. वैजनाथनं फॉर्मची जाड फाईल उचलली आणि गुडघ्यावर बसून मशीनला वारा घालायला लागला. घामानं निथळला, पण हात थांबवला नाही. "भरा ताई. म्या हाय हितं."

सगुणाबाई आरतीताईच्या पाठीशी उभी राहिली. "आठ वर्सं इचारून राहिले मी. तू आपली हसायची. तूबी हिरवाच दिवा लावून बसलीस गं, माय."

आरतीताई रडली. "भीती वाटायची, मावशी. लोकांचं भरताना न्हाई वाटत. नापास झाले तर रोज ह्याच खुर्चीत बसून लोकांना काय सांगू?"

"सांगशील, नापास झाले म्हणून. पूस डोळे."

तिनं डोळे पुसले, फॉर्मच्या शेवटी ओळखून टाकायची असतात ती वेडीवाकडी अक्षरं नीट वाचून भरली आणि सहाला आठ मिनिटं असताना फॉर्म गेला. वैजनाथ तरी दोन मिनिटं वारा घालतच होता.

दुसऱ्या आठवड्यात देविदास आला. त्यानं नवा पंखा बसवला आणि न विचारता लाल दिवेही परत लावले. आता कधी लाल लागला आणि गिऱ्हाईक बिचकलं तर वैजनाथ म्हणतो, "बसा हो. मशीन खरं बोलून राहिलंय, बघतो मी." आरतीताईची परीक्षा झाली, निकाल अजून यायचा आहे. कुणी विचारलं की ती सांगते, "लई भ्या वाटतंय."

मित्रांनो, मी म्हातारा झालोय, फार मागणं नाही. लाल दिवा दिसला तर दिव्यावर रागावू नका, पंखा बघा. आणि चारी दिवे हिरवे असले तरी एकदा पंख्यापुढं हात धरून पाहा, वारा येतोय का. सगुणाबाई तेच करते. आता सकाळी ती उदबत्ती आधी माझ्या तिसऱ्या पंख्यापुढं धरते. धूर आत गेलेला दिसला की मग देवाकडं वळते.