सोमवारची चावी

भाऊसोमामांचं सांगलीत घड्याळदुरुस्तीचं दुकान. माधवनगरच्या एका गिरणीच्या मॅनेजरांना जुनं स्विस खिशातलं घड्याळ हवं होतं, आणि तसं एक कवठे महांकाळजवळ आहे असं मामांना कळलं. युद्ध संपून वर्ष झालेलं. मी बी.एस्सी. होऊन घरीच होतो, म्हणून सोबत गेलो.

घड्याळ धोंडुबाईंचं. त्यांचे मालक आकाराम पहिल्या लढाईत बसऱ्याला होते, तिकडून त्यांनी ते आणलेलं. आता ते नव्हते. औंदा एक बैल साप चावून मेला होता, आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी तोंडावर. एका बैलावर पेर होत नाही, म्हणून घड्याळ विकायचं.

धोंडुबाईंनी खणाच्या घडीतून ते काढलं. चांदीवर ओरखडा नाही. मामांनी मागचं झाकण उघडून भिंग लावलं.

"तेल देत होता का कशाचं?"

"त्यांनी सांगितलेलं, आत बोट घालायचं न्हाई," धोंडुबाई म्हणाल्या. "म्या फकस्त चावी देती."

मामा खूश झाले. मग त्यांनी आपलं घड्याळ शेजारी धरलं, आणि त्यांचा चेहरा पडला. हे चाळीस मिनिटं मागं होतं.

"शेवटचं लावलं कवा?"

"मागल्या मंगळवारी," धोंडुबाईंचा मुलगा नानासो म्हणाला. "आठच्या गाडीनं शिट्टी दिली की लावतो."

"म्हणजे सहा दिवसांत चाळीस मिनिटं खाल्ली. गड्या, हे घड्याळ न्हवं, डबी हाय."

मला मात्र ते पटेना. एवढं मागं पडणारं घड्याळ चार-पाच तासांत सव्वा-दीड मिनिट तरी गमावेल. मी दोन्ही घड्याळं मांडीवर घेऊन बसलो. रात्रीची जेवणं झाली तरी दोघांमधलं अंतर तेवढंच.

"एका बैठकीत काय कळतं रं?" मामा म्हणाले. "रात्रभर शेजारी ठेवू. बाई, जरा चावी द्या."

"आज सोमवार हाय."

"मग?"

"सोमवारी बैलाला जू न्हाई, तशी याला चावी न्हाई. मालकांचा नेम हाय. तेबी हप्ताभर राबतंय की."

"आये, एक डाव दे," नानासो म्हणाला. "बैल न्हाई आला तर?"

"मग सोमवारी औत धरशील का तू?"

झोपण्याआधीच घड्याळ थांबलं. ते थांबल्यावर मामांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मी जागा होतो. चाल अचूक आणि वेळ चुकीची, हे एकाच यंत्रात कसं बसावं?

सकाळी आम्ही परतायला स्टेशनात आलो. नानासोही आला, हातात चावी दिलेलं घड्याळ. वरची खुंटी बाहेर ओढून, काटे आठावर नेऊन, तो शिट्टीची वाट बघत उभा. आम्हीही उभे. सूर्य वर आला. शेवटी गाडी शिट्टी देत आली, तसं त्यानं खुंटी दाबली. मी मामांच्या मनगटाकडं बघितलं. नऊला वीस कमी.

मागच्या डब्यांतून शेरडं ओरडत होती. मी गार्डला विचारलं, "आज उशीर?"

"मंगळवार हाय न्हवं? मागल्या स्टेशनाला शेरडांचा बाजार. ती चढंस्तवर हलताच येत न्हाई. दर मंगळवारी अर्धा-पाऊण तास धरूनच चला."

"आमाला वाटायचं गाडी म्हंजे सरकार," नानासो म्हणाला. "सरकार कशाला चुकंल?"

मागल्या मंगळवारी नेमका किती उशीर होता, हे मला ठाऊक नाही. दोन-चार मिनिटं इकडंतिकडं असतील. तरी आठवडाभरात तेवढाच फरक पडणारं घड्याळ विरळच. मी मामांना हे सांगू लागलो, पण त्यांनी हात वर केला. त्यांना कळलं होतं.

"नानासो, फीर माघारी. आईच्या हातून घेतो."

"आवं, गाडी?"

"जाऊ दे. उद्याची हाय."

शाळूच्या आधी बैल आला. घड्याळ देताना धोंडुबाईंनी मामांना एवढंच सांगितलं, "सोमवारी चावी देऊ नगासा."

मॅनेजर यायच्या आधी मध्ये एक सोमवार आला. घड्याळातल्या पोलादी कमानीला विसावा लागतो का, असं मी मामांना दुकानात विचारलं. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडलं आणि म्हणाले, "मला न्हाई म्हाईत." चावी मात्र त्यांनी दिली नाही. संध्याकाळी त्या घड्याळाची टिकटिक मंदावताना आम्ही दोघंही हातातलं काम थांबवून ऐकत बसलो.