काशम्माचा अंगठा

सोप्या बायबलचं नाव काढलं की विरुपाक्ष मास्तर नाक मुरडायचे. चाळीस वर्षं ख्रिस्ती देवळात जुनं, भारदस्त बायबल तेच वाचत आले होते. आता बायबलच्या भाषांतर मंडळानं सोप्या मराठीतला मसुदा धाडला होता आणि तरुण पाळक कौतुकानं सांगत होते, "मास्तर, जर्मनीतसुद्धा रोजच्या बोलीत करतायत."

"करू देत. अडाणी तिथंही असतीलच."

नियम असा होता, की मसुदा निरक्षर माणसाला वाचून दाखवायचा, त्याला काय कळलं ते फॉर्मवर लिहायचं आणि खाली अंगठा घ्यायचा. शुक्रवार पेठेतल्या आपल्या देवळापुरतं हे काम मास्तरांनी मुद्दाम मागून घेतलं. मसुदा नापास झाला तर जुनं बायबल राहणार होतं, आणि ते वाचणारे मास्तरही. त्यांनी निवडली देऊळ झाडणारी काशम्मा. गाढवाला गुळाची चव काय!

त्यांनी भाजीची यादी वाचावी तसं वाचलं. देवाला दान आणलंस आणि भाऊ तुझ्यावर नाराज आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, असा तो मजकूर.

"काय कळलं?"

काशम्मानं केरसुणी खाली ठेवली. "सोपं हाय की. तुमच्या पोरीच्या लग्नात तुमी कुंभारी गावच्या श्रीमंतअण्णाला पंगतीतनं उठवलं, गिरणीची मळकी कापडं घालून आला म्हून. सख्खा भाऊ तुमचा. त्याला भेटल्याबिगर देव तुमचं काय घेत न्हाय."

मास्तरांच्या कानशिलांना आग लागली. झाडणारी बाई आपल्याला शिकवणार! वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'काहीही समजले नाही.'

"बराबर लिवलं न्हवं?"

"हो."

तिनं विश्वासानं अंगठा उठवला. मास्तरांनी फॉर्म पाळकांना दिला.

पहिल्या पिकाच्या रविवारी, देवाला दान आणायच्या दिवशी, मास्तर माळशिरसहून त्याच लेकीनं पाठवलेली गुळाची ढेप घेऊन ऐटीत पुढं गेले. ढेप टेबलावर ठेवली आणि वाचायला वळले, तोच काशम्मा उठली.

"ते हितंच ऱ्हाऊ द्या, मास्तर. आदी कुंभारीला जाऊन या."

पाळकांनी विचारलं, "मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मास्तरांनीच की. वाचून दावलं, म्या अंगठा दिला न्हवं?"

पाळकांनी फॉर्म वाचलेला होता. ते मास्तरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मसुदा काढला आणि स्वतःच वाचायला लागले.

मास्तर दाराबाहेर आले. लाज वाटत होती, पण जायचं कुठं? कुंभारीची गाडी कुठून सुटते, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.