सहा ब्लँकेटं

"दोन. फार तर दोन, आणि तीही झटकून," मी म्हटलं. "कितीदा सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी."

नवी बाई ड्रायरच्या दाराशी ओणवी उभी होती. सहाही ब्लँकेटांचा मिळून एकच पीळ झाला होता, माणसाच्या मांडीएवढा जाड. एक टोक तिच्या हातात होतं आणि बाकीचं धूड ड्रममध्ये अडकून बसलं होतं.

"म्हटलं लवकर उरकेल, मावशी," ती पुटपुटली. "बाराला वर जायचंय ना, बाबांना भरवायला."

ते मला ठाऊक होतं. तिचे वडील तिसऱ्या मजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात होते. बरी नोकरी सोडून ती हॉस्पिटलच्या या तळघरातल्या लाँड्रीत आली ती तेवढ्यासाठीच. जेवणाची सुट्टी झाली की चार जिने चढायचे आणि बापाजवळ बसायचं. येऊन आठ दिवस झाले होते. बाई कष्टाळू होती, उलट बोलायची नाही. पण घाई अशी, की जणू गाडी सुटतेय.

"सहा कोंबली की वरची करपतात आणि आतली ओलीच राहतात. मग सोडवत बस. दोन-दोन घातली असतीस तर एव्हाना वाळली असती."

ती मान खाली घालून ओढत राहिली.

एकतीस वर्षं मी ब्लँकेटं वाळवतेय. लोकांना वाटतं त्यात काय, दार उघडायचं, कोंबायचं, बटण दाबायचं. तसं नाही ते. पिळून आलेलं ब्लँकेट आधी दोघींनी दोन टोकांना धरून झटकायचं. मग सैल सोडून, न गुंडाळता आत ठेवायचं. दुसरं त्याच्या समोरच्या बाजूला. सोबत दोन कोरडे टॉवेल. पंधरा मिनिटांनी थांबवायचं, बाहेर काढायचं, उलटं करून पुन्हा घालायचं. पूर्वी आमचा ड्रम थोडा वेळ या बाजूला आणि थोडा वेळ त्या बाजूला फिरायचा, म्हणून गुंता कमी व्हायचा. आता तो एकाच बाजूला फिरतो. दुरुस्त करायला सांगून माझी जीभ झिजली.

आणि तरीही गुंता झालाच, तर त्या पिळाच्या गाभ्यात हात घालावा लागतो. ते काम मला नको वाटतं. बाहेरून चटका बसतो आणि आत गार, ओलं. हात आत गेला की अंगावर काटा येतो. वाटतं, आत कुणीतरी कुशीवर वळून निजलंय आणि माझा हात त्याला कळलाय. अकरा वर्षं असंच वाटतंय, तेही दिवसाढवळ्या, सगळे दिवे चालू असताना. हसायचं असेल तर हसा.

आणखी एक सांगते. आमचे हे याच हॉस्पिटलात लिफ्टवर होते. ते गेल्यापासून लिफ्ट मधूनच तळघरात येते. दार उघडतं, आत कुणी नसतं. थोडा वेळ थांबते आणि वर जाते. वायरिंगचा दोष आहे म्हणतात. असेलही. मी आपली तेवढ्या वेळात पाठ फिरवून घड्या घालते.

साडेअकराच्या सुमाराला भिंतीवरचा फोन वाजला. मीच घेतला. तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर होती.

"त्यांच्या मुलीला वर पाठवता? श्वास बदललाय."

नव्या बाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. सांगायची गरजच पडली नाही. तिचा चेहरा उतरला, पण हातातलं टोक काही सुटेना.

"जाते," ती म्हणाली. "हे तेवढं सोडवते. मीच घोळ घातलाय, तुमच्या गळ्यात कसा टाकू? दहा मिनिटं, मावशी."

"सोड ते," मी म्हटलं.

"नाही, पण तुम्ही एवढ्या रागावलात..."

"आग लागो माझ्या रागाला. सोड म्हणते ना. माझा नवरा अशाच दहा मिनिटांत गेला. जा तू. पळ."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पहिल्यांदाच बघतेय. मग टोक टाकलं आणि जिन्याकडे धावली. तिच्या चपलांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत आला, पुढे आला नाही.

मी बाकीची मशीनंही बंद केली. हे गेले त्या दिवशीही सहाच ब्लँकेटं होती. मीही लवकर वर जायचं म्हणूनच कोंबली होती. हे तेव्हा वर वॉर्डात होते; सकाळी त्यांना सांगून आले होते, लवकर उरकून येते, मग दुपारभर बसते तुमच्यापाशी. आणि झाला गुंता. सिस्टरचा फोन आला, "मावशी, वर या." मी म्हटलं, "लोड गुंतलाय हो, दहा मिनिटांत आले." त्या आठवड्यात ह्यांनी तसं दोनदा बोलावून घेतलं होतं. एकदा पाणी हवं म्हणून, एकदा नुसतंच. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. हे कुठे पळून जातायत! खरंच मनात असं म्हटलं मी, आणि हसलेही.

सहाही ब्लँकेटं सोडवून, झटकून, पुन्हा आत घालून मी वर गेले. चादर तोंडापर्यंत ओढलेली होती.

सिस्टर भली होती. म्हणाली, "झोपेतच गेले, मावशी. काही कळलंच नाही त्यांना." त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली. रोज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ते मनात म्हणायचं आणि डोळे मिटायचे.

आता तळघरात आवाज नव्हता. नुसता तो पीळ ड्रमच्या दारातून अर्धा बाहेर लोंबत होता आणि त्यातून वाफ येत होती. मला राहवलं नाही.

"झालं समाधान?" मी त्याला म्हटलं. "तिला तरी पाठवली की नाही वेळेवर?"

मी सोडवायला हात लावला नाही. वरून दोनदा माणूस येऊन गेला, ब्लँकेटं कुठेत म्हणून. त्याला म्हटलं, ओली आहेत, थांबा. त्याला नवल वाटलं असणार. माझ्याकडून थांबा हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

ती आली तेव्हा दोन वाजत आले होते. डोळे सुजलेले, पण चालणं शांत होतं. आठ दिवसांत तिला पहिल्यांदाच सावकाश चालताना पाहिलं.

"भेटले?" मी विचारलं.

"भेटले." ती भिंतीला टेकली. "हात धरता आला. गरम होता."

"काही बोलले?"

"नाही. त्याआधीच बोलायचे थांबले होते." पदराच्या टोकानं तिनं नाक पुसलं. "मी पोचले तेव्हा दाराकडेच बघत होते, मावशी. सिस्टर म्हणाली, कधीपासून असेच बघतायत, मान वळवूच देत नाहीत. पाणी देऊ म्हटलं तरी नाही. मला पाहिलं आणि मग मिटले डोळे. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील." ती थांबली. "सिस्टर म्हणते, सगळेच तसे बघतात. ज्यांचं कुणी यायचं असतं ते."

आमच्या ह्यांचा पलंग दाराच्या अगदी समोर होता. लिफ्टही तिथून दिसायची. त्यांनीच हट्ट करून ती जागा मागून घेतली होती.

"तुम्ही ओरडला नसतात तर मी इथेच राहिले असते," ती म्हणाली.

"बरं झालं गेलीस," मी म्हटलं.

ती अजून भिंतीला टेकूनच उभी होती. आमच्या तळघरात बसायला एकच स्टूल आहे. मी उठले आणि ते तिला दिलं.