ओल्या चादरी आणि सूनबाईच्या बातम्या

त्या दिवशी आमची सून पहिल्यांदाच स्थानिक वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या वाचणार होती. बायकोने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारीपाजारी येणार, तिची बहीण येणार, म्हणून होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी तिने धुवायला काढल्या.

दुपारी टीव्ही लावला तर स्थानिक एचडी वाहिन्या गायब, सुनेची वाहिनीही त्यातच. पडद्यावर नुसती पाटी: सिग्नल नाही. बाकीच्या साध्या वाहिन्या मात्र खणखणीत.

मुलाने बॉक्स बंद करून चालू केला, वायरी उपसल्या, परत खोचल्या. डिशवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो.

"मोबाईलवर बघू की," मुलगा म्हणाला.

"माझी सून काय काडेपेटीएवढी बघायची?" बायको म्हणाली.

माझी नात चौथीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजोबा, बाबा सगळं एकदम हलवतोय. मग कशाने बरं झालं ते कसं कळणार?"

तिच्या सायकलचा दिवा दुरुस्त करताना मीच तिला हे शिकवलं होतं. एक गोष्ट बदलायची, थांबायचं, बघायचं.

"मग तू सांग," मी म्हणालो. "आधी काय चालू आहे ते सांग."

"साध्या वाहिन्या चालू आहेत. म्हणजे बॉक्स आणि वायर ठीक आहेत." तिने रिमोटवरून सिग्नलचं पान उघडलं. जोराची पट्टी भरलेली होती, क्वालिटीची अर्ध्यावरच अडकली होती. "जोर आहे, पण डिशचा नेम चुकलाय. एचडीला सिग्नल जास्त चांगला लागतो, म्हणून तीच आधी गेली."

"नेम कधी चुकला?"

"मागेही एकदा दुपारी असंच गेलं होतं. संध्याकाळी आपोआप आलं."

"त्या दिवशी घरात काय चाललं होतं?"

तिने डोळे मिटले. "आजीने पडदे धुतले होते," ती म्हणाली आणि जिन्याकडे पळाली. आम्ही सगळे तिच्यामागे.

गच्चीवर डिशच्या खांबाला बायकोने कपड्यांची दोरी बांधली होती. ओल्या चादरींच्या वजनाने खांब बोटभर वाकला होता. नुसत्या डोळ्यांना कळलाही नसता.

"खांब दिसला, दोरी बांधली," बायको म्हणाली. "त्याला काय नुसतं आभाळाकडे बघायला उभं केलंय?"

"हो आजी, तेच त्याचं काम आहे."

मुलगा पाना घेऊन डिश फिरवायला निघाला. भिंगरी त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. "बाबा, डिशला हात लावू नकोस. ती बरोबरच आहे. आधी फक्त चादरी काढ."

चौथीतल्या पोरीने बापाला अडवलं, आणि बापाने ऐकलं. मला त्या दोघांचंही कौतुक वाटलं.

चादरी उतरल्या. भिंगरी खाली टीव्हीपाशी, मी खिडकीत, मुलगा वर. "पट्टी वाढली," ती म्हणाली, "पण थोडी कमी आहे." खांबाच्या तळचा नट ढिला झाला होता. मुलाने खांब सरळ धरून तो आवळला. खालून आवाज आला, "पुरे बाबा, आता हात काढ."

पाहुणे येऊन बसले तेव्हा पलंगावर चादर नव्हती. ओल्या चादरींचं गाठोडं मांडीवर घेऊन बायको पहिल्या रांगेत बसली. सूनबाई पडद्यावर आली, शांत, स्वच्छ आवाजात बोलू लागली. बहीण म्हणाली, "काय सुरेख वाचते गं तुझी सून."

"वाचते सून," बायको म्हणाली, "आणि दाखवली नातीने."

सूनबाई घरी आली ती घाबरतच. चप्पल काढता काढता लेकीला विचारलं, "कसं वाचलं गं मी?"

भिंगरी म्हणाली, "पट्टी पूर्ण भरली होती, आई."