भरल्या तोंडानं

पक्षाघातानंतर दौलतरावांना शब्द सापडेनात. ते अडखळले की त्यांची बायको हौसाबाई त्यांचं वाक्य पुरं करून टाकायच्या. मग वाचेवर उपचार करणाऱ्या केतकी मॅडमनी डोंबिवलीला या नवराबायकोच्या घरी येऊन दोघांचं बोलणं टेप करून ऐकवलं. कॅसेटभर एकट्या हौसाबाईच वाजत होत्या!

"बघतेच आता," म्हणत पुढच्या खेपेला त्यांनी दातांना तंबाखूची भरपूर मिश्री लावली. तोंड भरलेलं असलं की बोलणार कसं?

मॅडमनी टेप सुरू केला. "दौलतराव, त्या दिवशी काय झालं?"

ही गोष्ट हौसाबाईंनी अख्ख्या चाळीला सांगितली होती: मानपाड्याच्या कारखान्यात उभ्या उभ्या कोसळले.

"सकाळी... घरी," दौलतराव म्हणाले. पुढचा शब्द सापडेना. हौसाबाई ओठ आवळून बसल्या. "हात... बधिर. कप पडला. ही... ही ओरडली, 'नाटकं पुरे... कामावर जा.'"

थुंकून खुलासा करायला मोरी दोन पावलांवर होती. हौसाबाई उठल्या नाहीत. डोळे पुसले आणि हातानंच खूण केली: पुढे सांगा.